पायाखाली बघा: टास्मानियाच्या डोंगरांवर मायक्रोकॅक्रिस कसं शोधायचं

टास्मानियातल्या माउंट फील्ड डोंगरावर टार्न शेल्फ नावाचा तळ्यांचा पट्टा आहे. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन तास एकाच झुडपाचे फोटो काढत बसलो होतो. गुडघे ओले, बोटं गारठलेली, पण मन खूश. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तर झुडूप भलतंच निघालं. ज्याच्यासाठी गेलो होतो ते मायक्रोकॅक्रिस त्याच फोटोंच्या कोपऱ्यात, माझ्या बुटाला लागून, खडकावर पसरलेलं होतं. म्हणजे मी जवळजवळ त्याच्यावरच उभा होतो.

हा लेख त्या चुकीतून आला आहे. टास्मानियात राहणारे किंवा तिथे फिरायला जाणारे, आणि झाडं बघायची हौस असलेले पण वनस्पतिशास्त्र न शिकलेले, अशांसाठी तो लिहिला आहे.

आधी थोडी ओळख

सूचिपर्णी म्हटलं की उंच, सरळ, टोकदार झाड डोळ्यांपुढे येतं. मायक्रोकॅक्रिस टेट्रागोना हे तसं अजिबात नाही. हे जमिनीवर सरपटणारं, सदाहरित झुडूप आहे. उघड्या, वाऱ्याच्या जागी ते घोट्याच्या वर क्वचितच येतं. आडोसा मिळाला तर थोडं उचलतं, तरी कमरेपर्यंत पोहोचलेलं मी पाहिलेलं नाही. त्याच्या लांब, दोरीसारख्या फांद्या खडकावरून खाली लोंबतात किंवा शेजारच्या झुडपांमधून वाट काढत जातात. स्थानिक लोक त्याला 'क्रीपिंग पाइन' किंवा 'स्ट्रॉबेरी पाइन' म्हणतात. यातलं 'पाइन' मनावर घेऊ नका. पाइनच्या कुळाशी त्याचा संबंध नाही, ते पोडोकार्पसच्या कुळातलं आहे.

हे झुडूप जगात फक्त टास्मानियाच्या डोंगरांवर उगवतं. त्याच्या प्रजातीत (जीनसमध्ये) दुसरी जिवंत जात नाही, सगळी वंशावळ या एकट्यावर येऊन थांबली आहे. तेव्हा 'दुर्मिळ' हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. योग्य उंचीवर, योग्य जागी गेलात तर ते पावलोपावली दिसेल. पण त्या जागा म्हणजे एका बेटाच्या पश्चिमेकडच्या आणि मधल्या डोंगरांचे माथे, साधारण १,००० मीटरच्या वरचे. त्याबाहेर कुठेही नाही.

पूर्वी तसं नव्हतं. याचे परागकण ओळखायला सोपे असतात. अनेक सूचिपर्णींच्या परागकणांना हवेच्या दोन पिशव्या असतात, याच्या परागकणांना बहुतेक वेळा तीन. त्याच घडणीचे जीवाश्म परागकण न्यूझीलंड, अंटार्क्टिका, दक्षिण अमेरिका इथल्या जुन्या थरांत सापडतात, आणि भारतातल्या क्रिटेशियस काळातल्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या युगातल्या, खडकांतही. दक्षिणेकडचे खंड आणि भारत जोडलेले असलेलं गोंडवन हे जुनं महाखंड एकसंध होतं तेव्हा हा वंश दक्षिणेकडच्या भूभागांवर दूरवर पसरलेला होता. उरला तो या एका बेटाच्या माथ्यावर.

नावाचं म्हणाल तर ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८४५ मध्ये ही प्रजाती वेगळी काढली. त्याआधी काही वर्षं ते अंटार्क्टिक मोहिमेच्या जहाजावरून टास्मानियात येऊन गेले होते. 'मायक्रो' म्हणजे लहान, ते त्याच्या शंकूंवरून. 'टेट्रागोना' म्हणजे चौकोनी. हा दुसरा शब्द लक्षात ठेवा, पुढे ओळख पटवताना तोच कामाला येणार आहे.

पायरी १: महिना निवडा

टास्मानियाचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. पहिल्यांदा जाणाऱ्याने डिसेंबर ते मार्च यांतलाच दिवस धरावा. दिवस मोठा असतो, वाटा बर्फाखाली नसतात, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मादी झुडपांवर लाल शंकू येतात. ते दिसले तर ओळखीचा निम्मा प्रश्न मिटतो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात टार्न शेल्फवर गर्दी उसळते ती 'फॅगस'साठी, म्हणजे पानगळ होणाऱ्या तिथल्या बीच झुडपाच्या पिवळ्या-तांबड्या रंगांसाठी. तो सोहळा बघण्यासारखा आहेच. पण मायक्रोकॅक्रिससाठी मी तो आठवडा टाळतो. सगळे वर बघत चालतात, थांबलात की मागचा खोळंबतो, आणि अरुंद फळीवाटेवर गुडघे टेकून बसलेल्या माणसाकडे लोक काळजीने बघतात.

उन्हाळा असला तरी हवामानावर विसंबू नका. या डोंगरांवर वर्षातल्या कुठल्याही महिन्यात बर्फ पडू शकतो. सकाळी ऊन, दुपारी धुकं आणि आडवा पाऊस हा तिथला नेहमीचाच दिवस. हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री बघा आणि निघताना पुन्हा बघा. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर जाऊ नका.

पायरी २: जागा निवडा

नवख्यांसाठी मी डोळे मिटून माउंट फील्ड सांगतो. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेली ही जागा होबार्टहून गाडीने सव्वा तासाच्या आसपास आहे. बहुतेक पर्यटक पायथ्याच्या रसेल धबधब्याशी फोटो काढून परततात. तुम्ही तिथून पुढे लेक डॉब्सनचा रस्ता धरा. हा साधारण १६ किलोमीटरचा, बराचसा कच्चा, वळणावळणांचा चढ आहे, आणि तो घाईने चढू नये. पायथ्याशी स्वॅम्प गम ही निलगिरी, जगातल्या सर्वांत उंच सपुष्प झाडांपैकी एक. थोडं वर ओलं, शेवाळलेलं वर्षावन. आणखी वर गेलात की झाडं बुटकी आणि वाकडी होत जातात, खोडांवर करड्या-पांढऱ्या सालीचे पट्टे दिसू लागतात. ते स्नो गम. ते दिसले की तुम्ही उंचीवर आलात असं समजा.

लेक डॉब्सन साधारण १,०३० मीटरवर आहे. तिथे गाडी लावा. घाईत असाल, सोबत लहान मुलं असतील, तर तळ्याभोवतीची पांदानी ग्रोव्हची छोटी फेरीही छान आहे. वेळ असेल तर अर्कहार्ट ट्रॅकने चढून स्की मैदानाच्या रस्त्याला लागा आणि तिथून माउंट मॉसनच्या अंगाने टार्न शेल्फकडे जा. स्की झोपड्या मागे पडल्या की डोलेराइट या काळसर, कठीण अग्निजन्य खडकाचे मोठाले दगड, त्यांच्यामधून गेलेल्या लाकडी फळ्यांच्या वाटा, आणि पुढे खालच्या बाजूला एकामागोमाग लहान तळी. मायक्रोकॅक्रिस इथे आहे. पूर्ण फेरी करायची तर दिवस मोडतो. फक्त झाडं बघायची असतील तर शेल्फच्या सुरुवातीच्या भागात दोन-तीन तास घालवून आलेल्या वाटेने परत फिरणं जास्त शहाणपणाचं.

इतर पर्याय थोडक्यात. जीव्हस्टनमार्गे हार्ट्झ माउंटन्सला गेलात तर लेक एस्परन्सपर्यंत फळीवाट बरीचशी सोपी आहे, चढायची हौस असेल तर पुढे १,२५४ मीटरचं हार्ट्झ शिखर आहे. क्रेडल माउंटनला डव्ह लेकपर्यंत शटल बसने जावं लागतं, आणि मायक्रोकॅक्रिससाठी मेरियन्स लुकआउटच्या वरच्या पठारापर्यंत चढावं लागतं, ते सोपं नाही. सेंट्रल प्लॅटोवर पाइन लेकची फळीवाट अगदी छोटी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी, आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी तिचा विचार करावा. पेन्सिल पाइन ही दुसरी जुनी सूचिपर्णी तिथे हाताच्या अंतरावर बघायला मिळते.

यांतल्या प्रत्येक उद्यानासाठी पार्क पास लागतो. तो आधीच काढा. वरच्या वाटांच्या तोंडाशी नोंदवही असते, तिच्यात नाव, वाट आणि परतायची वेळ लिहा. परतल्यावर 'आलो' असंही लिहा, ते बरेच जण विसरतात.

पायरी ३: पिशवी भरा

नेहमीच्या डोंगरयात्रेचं सामान तर हवंच: पाणी न शिरणारं जाकीट, लोकरीचा किंवा थर्मल थर, टोपी, हातमोजे, पाणी, खाणं, कागदावरचा नकाशा. फोनला वर रेंज मिळेलच असं नाही. लांब जाणार असाल तर संकटात मदतीचा संदेश पाठवणारा इमर्जन्सी बीकन भाड्याने मिळतो, तो घ्या. ऊन थंड वाटलं तरी त्वचा भाजते, तेव्हा सनस्क्रीन.

झाडासाठी खास तीन वस्तू. पहिली, दहापट मोठं दाखवणारं हातातलं भिंग. दागिने तपासणारे वापरतात तसलं, घडीचं. दुसरी, बसायला फोमचा तुकडा. हसू नका, ओल्या खडकावर दहा मिनिटं बसायची तयारी असेल तरच हे झुडूप नीट दिसतं. तिसरी, मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी. फोटोत ती शेजारी धरली की नंतर 'हे पान केवढं होतं?' या प्रश्नावर डोकं खाजवावं लागत नाही.

कात्री, खुरपं, प्लास्टिकच्या पिशव्या घरी ठेवा. राष्ट्रीय उद्यानातून फांदी तोडणं, बी गोळा करणं हा गुन्हा आहे.

पायरी ४: पाय कुठे ठेवायचा ते शिका

लोक ही पायरी गाळतात. माझ्या मते सगळ्यात मोठी पायरी हीच.

टार्न शेल्फवर फळीवाटेच्या दोन्ही बाजूंना हिरव्या, घट्ट, गोलसर गाद्या दिसतील. हात लावला तर कडक लागतात. ही उशीसारखी वाढणारी झाडं आहेत, आणि एका गादीत कधी कधी तीन-चार वेगवेगळ्या जाती एकमेकींत विणलेल्या असतात. त्या इतक्या भक्कम वाटतात की पाय ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका. एका बुटाचा ठसा भरून यायला वर्षानुवर्षे लागतात, कारण तिथला वाढीचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा. मायक्रोकॅक्रिसही याच गाद्यांच्या कडेने, त्यांच्यावरून, दगडांच्या फटींतून पसरतं. त्याच्या फांद्या लवचीक असतात, तुडवली तर मोडल्याचा आवाजही येत नाही. म्हणूनच कळत नाही.

मी पाळतो तो नियम साधा आहे: फळी असेल तिथे फळीवर, फळी नसेल तिथे उघड्या खडकावर, खडक नसेल तिथे जायचंच नाही. वाटेच्या कडेला झाडं भरपूर आहेत. जे वाटेपासून चार पावलांवर आहे ते चार पावलं लांबूनच बघावं.

बुटांचंही तसंच. फायटॉप्थोरा नावाचा, मुळं कुजवणारा सूक्ष्म जीव बुटाला चिकटलेल्या चिखलातून एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातो. पाइन लेकच्या वाटेवर बूट धुण्याची सोय ठेवली आहे ती याचमुळे, तिथल्या पेन्सिल पाइनना अशा रोगाने ग्रासलं आहे. ब्रश मारायला दोन मिनिटं लागतात. तंबूच्या खुंट्या आणि काठीचं टोकही घासून घ्या.

आणि आग. जागतिक वारसा म्हणून जपलेल्या टास्मानियाच्या रानात शेकोटी पेटवायला बंदी आहे, स्वयंपाक फक्त स्टोव्हवर. यामागचं कारण कळलं की नियम जाचक वाटत नाही. निलगिरी जळाली तरी खोडातून पुन्हा फुटते, तिच्या बिया तर आगीनंतरच जोमाने रुजतात. ही जुनी सूचिपर्णी झाडं तशी नाहीत. जळालं की मेलं. जमिनीत राखून ठेवलेलं बियाणं नाही, मुळांतून फुटवा नाही. शिवाय तिथली जमीन म्हणजे शतकानुशतकं साठलेला कुजका पाला, तो वाळला की मातीच पेट घेते. जानेवारी २०१६ मध्ये कोरड्या हवेत विजा पडून डोंगरांवर ठिकठिकाणी आगी लागल्या, आणि वारसा क्षेत्रातली सुमारे २० हजार हेक्टर जमीन होरपळली. सेंट्रल प्लॅटोवरच्या शेकडो वर्षांच्या पेन्सिल पाइनचे पांढरे सांगाडे त्यानंतर सगळ्यांनी पाहिले. पायाशी असणाऱ्या मायक्रोकॅक्रिसचे फोटो मात्र कुणी छापत नाही.

पायरी ५: आता वाका

जागेवर आलात. उभ्याने शोधू नका. फोमचा तुकडा खडकावर टाका, बसा, आणि हाताच्या अंतरात जे काही हिरवं आहे ते पाच मिनिटं नुसतं बघा. पहिल्या मिनिटात सगळं सारखंच दिसतं. मग रंगांतले फरक दिसू लागतात: निळसर, पिवळट, तपकिरी झाक असलेलं. मग पोत.

मायक्रोकॅक्रिस हिरव्या दोरीसारखं दिसतं. बारीक, लांब, नागमोडी फांद्या, साधारण जाड सुतळीएवढ्या, आणि पानं म्हणून वेगळं काही दिसतच नाही. भिंग लावा. फांदीला चिकटलेले दोन-तीन मिलिमीटरचे खवले दिसतील. तीच पानं. मोरपंखीची फांदी जवळून पाहिली असेल तर खवल्यासारखी पानं कशी असतात ते ठाऊक असेल. फरक असा की मोरपंखी चपटी असते, पंख्यासारखी पसरते. मायक्रोकॅक्रिसची फांदी चपटी नाही, चौकोनी आहे. पानांच्या जोड्या एकमेकींना काटकोनात बसतात, त्यामुळे फांदीच्या लांबीभर पानांच्या चार सरळ ओळी लागतात.

याची खात्री डोळ्यांपेक्षा बोटांनी चांगली होते. जिवंत फांदी न तोडता, न ओढता, अंगठा आणि तर्जनी यांत हलकेच धरा आणि किंचित फिरवून बघा. गोल काडी गुळगुळीत फिरते. ही फिरत नाही, कडा बोटांना लागतात. मी याला चिमटीची परीक्षा म्हणतो. थंडीने बोटं बधिर झाली असतील तर आधी ती खिशात गरम करा, नाहीतर परीक्षेचा निकाल चुकतो. अनुभवाने सांगतो आहे.

भिंगातून पानांच्या कडाही बघा. कडेला अगदी बारीक, पारदर्शक केसांची झालर असते. ती दिसली की जवळजवळ नक्की.

पायरी ६: चार शेजारी आणि एक तोतया

आता माझ्या त्या दोन तासांची गोष्ट. मी ज्याचे फोटो काढत होतो ते डायसेल्मा आर्चेरी, म्हणजे तिथल्या लोकांचं 'चेशंट पाइन'. त्याचीही पानं खवल्यासारखी, तीही चार ओळींत, त्याचीही फांदी चौकोनी. चिमटीची परीक्षा ते सहज पास होतं. फरक वाढण्याच्या तऱ्हेत आहे. डायसेल्मा उभं वाढतं. त्याला खोड असतं, फांद्या दाट गुच्छात वर येतात, माणसाच्या उंचीचं झुडूपही होतं. वाऱ्याच्या जागी ते बुटकं राहतं, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. तेव्हा एका फांदीला हात लावून तिच्यामागे बुंध्याकडे जा. फांदी जमिनीवरून लांबवर सरपटत गेली असेल तर मायक्रोकॅक्रिस. हातभर अंतरावर उभ्या बुंध्याला भेटली तर डायसेल्मा. त्याचे शंकूही अगदी लहान, कोरडे आणि लाकडी असतात, लाल रसाळ नव्हेत.

दुसरं, फेरोस्फेरा हुकेरियाना, 'माउंट मॉसन पाइन'. ज्या डोंगराचं नाव त्याला मिळालं तो तुम्ही आत्ताच चढून आलात. याची पानंही खवल्यासारखीच, पण ती फांदीभोवती मळसूत्रासारखी फिरत बसतात. त्यामुळे फांदी गोल लागते, चिमटीत छान फिरते. झुडूप दाट, गोलमटोल, पाण्याच्या कडेला.

तिसरं, पोडोकार्पस लॉरेन्सी. याची पानं खवले नाहीत, चपटी आणि सुईसारखी आहेत, सेंटिमीटरच्या आसपास लांब. दगडांवर पसरायची सवय मात्र मायक्रोकॅक्रिससारखीच, म्हणून लांबून गफलत होते. जवळ गेल्यावर होऊ नये.

चौथा, पेन्सिल पाइनची कोवळी रोपं. त्यांच्या फांद्या जाड आणि गोलसर, खवले ठसठशीत. आसपास मोठं झाड दिसलं की संशय घ्यावा.

तोतया मात्र सूचिपर्णी नाहीच. 'केरोसीन बुश', ओझोथॅम्नस हुकेरी, हे सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप आहे. फांद्यांना चिकटलेली बारीक पानं पाहून भलेभले त्याला सूचिपर्णी समजतात. खवल्यांच्या मधून पांढरट लव डोकावते आणि चुरडलं तर उग्र वास येतो. वासासाठी चुरडायची गरज नाही, उन्हाच्या दिवशी जवळ गेलं तरी पुरतं. फुलोऱ्यात असेल तर प्रश्नच मिटला, सूचिपर्णी झाडांना फुलं येत नाहीत.

पायरी ७: लाल काही दिसलं तर

मायक्रोकॅक्रिसचा पिकलेला मादी शंकू म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं बक्षीस. जेमतेम आठ मिलिमीटरचा, लाल भडक, गरदार खवल्यांचा गोळा. लोक स्ट्रॉबेरी म्हणतात, मला तो तुतीसारखा वाटतो: छोटे छोटे फुगीर दाणे एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्यामधून काळसर बिया डोकावतात. ज्यांनी शंकू म्हणजे लाकडी, खडखडीत वस्तू एवढंच पाहिलं आहे त्यांना हा शंकू आहे हे पटवून द्यावं लागतं.

नर आणि मादी शंकू बहुधा वेगवेगळ्या झुडपांवर येतात. म्हणून एखाद्या झुडपावर काहीच लाल नसेल तर निराश होऊ नका, ते नर असेल. त्याच्या फांद्यांच्या टोकाला दोनेक मिलिमीटरचे परागशंकू शोधा.

पण त्या उंचीवर जमिनीलगतचं सगळंच लाल मायक्रोकॅक्रिसचं नसतं. पोडोकार्पसला लाल, गरदार देठ असतो आणि त्याच्या टोकावर एखादं बी बसलेलं असतं, दाण्यांचा गोळा नसतो. एक्सोकार्पोस ह्युमिफ्यूसस हे सरपटणारं झुडूपही लाल फुगीर देठावर बाहेरच्या बाजूला बी मिरवतं, आणि त्याच्या फांद्या जवळजवळ बिनपानांच्या, काड्यांसारख्या असतात. कोप्रोस्मा नावाच्या झुडपाच्या गोल बोरांसारख्या फळांनाही भुलायला होतं. मी अशा वेळी एकच बघतो: लाल गोळ्यात दाणे मोजता येतात का? आले तर फांदी चौकोनी आहे का ते तपासायचं.

खाऊन बघायचा विचार येईल. नको. पिकलेला शंकू पक्ष्यांच्या पोटातून गेला तर बी दुसऱ्या फटीत पडण्याची शक्यता असते, तुमच्या पोटातून गेला तर अजिबात नाही.

पायरी ८: फोटो असे काढा की उपयोग होईल

एका झुडपाचे चार फोटो पुरतात. एक लांबून, झुडूप आणि भोवतालचा खडक दोन्ही दिसतील असा. यातूनच ते उभं आहे की सरपटतं हे कळतं, आणि हाच फोटो काढायचा मी त्या दिवशी विसरलो होतो. दुसरा फांदीचा, पट्टी शेजारी धरून. तिसरा भिंगातून: फोनच्या कॅमेऱ्यासमोर भिंग चिकटवून धरा, श्वास रोखा, फोन हळूहळू पुढेमागे करा. चौथा शंकूंचा, असतील तर. फांदीच्या फोटोंसाठी ढगाळ दिवस चांगला. भर उन्हात खवल्यांवर चमक येते आणि चार ओळी दिसत नाहीत.

ठिकाण आणि तारखेसह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. जाणकार मंडळी नाव तपासून देतात, चूक असेल तर सांगतात. माझे डायसेल्माचे फोटो तिथे तीन दिवसांत दुरुस्त झाले, जरा खजील व्हायला झालं, पण चेशंट पाइन मी आता कधीच विसरणार नाही.

घरी लावता येईल का?

हा प्रश्न विचारला जातोच. थंड हवेच्या देशांत दगडी बागांचा छंद असलेले लोक हे झुडूप वाढवतात. छाट कलमापासून ते येतं, पण फार सावकाश. त्याला गार मुळं, निचऱ्याची पण कधी न सुकणारी, चुना नसलेली माती लागते. उष्ण उन्हाळ्यात ते टिकत नाही, आणि कोरडा वारा तर त्याला मुळीच सोसत नाही. तुम्ही होबार्टसारख्या थंड ठिकाणी राहत असाल आणि परवानाधारक रोपवाटिकेत मिळालं तर कुंडीत, पूर्वेच्या उन्हात ठेवून बघा. पहिल्या वर्षी ते काहीच करत नाही असं वाटेल. खत देऊन घाई करू नका. डोंगरावरची फांदी आणून लावायचा विचार कायद्याने चुकीचा आहेच, शिवाय तशी फांदी गाडीत खाली येईपर्यंत बहुतेक वेळा वाळलेली असते.

परतताना

उजेड असताना निघा. डोलेराइट ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो, आणि उतरताना नजर पुन्हा जमिनीवर असेल तर पाय घसरत नाही हा एक आडफायदा. नोंदवहीत परतल्याची वेळ लिहा. गाडीत बसण्याआधी बुटांचे तळवे घासा, फोमच्या तुकड्याला चिकटलेली माती तिथेच झटका. ती माती त्याच डोंगराची आहे.